ट्राम येण्याआधी निघालेली वेधशाळा

मुंबईत विजेवर चालणारी ट्राम पहिल्यांदा धावली ती ७ मे १९०७ रोजी. या ट्रामच्या धास्तीने एक सरकारी काम मात्र त्याआधीच मुंबई सोडून गेले होते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली आणि १९०६ मध्ये कुलाब्यातली चुंबकमोजणी थांबली. या तारखा एकाखाली एक मांडल्या की एक गोष्ट लक्षात येते. वेधशाळा हलली तेव्हा मुंबईच्या ट्राम घोडेच ओढत होते. ज्या उपद्रवामुळे जागा बदलायची, तो उपद्रव अजून सुरूच झाला नव्हता. अलिबागच्या वेधशाळेची हकीकत सहसा ‘शहर वाढले आणि विज्ञानाला बाहेर पडावे लागले’ अशा सुरात सांगितली जाते. पुरावा पाहता मला ती तशी वाटत नाही. तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते, हा १८२० साली सापडलेला नियम. तो मानून, नुकसान डोळ्यांना दिसण्याची वाट न पाहता, केवळ हिशेबाच्या भरवशावर घेतलेला हा निर्णय होता. आणि ज्या नोंदी त्या निर्णयाने वाचल्या, त्यांचा अर्थही पुढे त्याच नियमाने उलगडला. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तरच त्या स्थलांतराची खरी किंमत कळते.

आधी त्या नियमाविषयी. कोपनहेगनचे प्राध्यापक हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांनी एप्रिल १८२० मध्ये एका व्याख्यानात विद्युतघटांना जोडलेली तार होकायंत्राजवळ धरली आणि सुई किंचित हलली. त्यांनी घाई केली नाही. जुलैमध्ये अधिक शक्तिशाली घटमाला घेऊन प्रयोग पुन्हा केले आणि २१ जुलै रोजी अवघ्या चार पानांचे लॅटिन पत्रक छापून ते युरोपभरच्या विद्वानांना पाठवले. योगायोगाने हाती लागलेला शोध म्हणून तो अनेकदा सांगितला जातो. इटलीत रोमान्योसी यांनी १८०२ मध्येच असे काही पाहिले होते, असाही दावा आहे. पण वीज आणि चुंबकत्व यांचे मूळ एकच असावे, हा विचार ओर्स्टेड यांच्या मनात त्याआधी कित्येक वर्षे होता, आणि रोमान्योसी यांच्या प्रयोगात बंद मंडलातून वाहणाऱ्या प्रवाहाचा परिणाम वेगळा काढून दाखवलेला दिसत नाही. ओर्स्टेड यांच्या पत्रकातली चक्रावून टाकणारी गोष्ट होती दिशा. तोवर माहीत असलेली बले दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेवर ओढत किंवा ढकलत. इथे सुई तारेकडे ओढली जात नव्हती की तिच्यापासून दूरही सरत नव्हती. ती तारेला आडवी होऊ पाहत होती, आणि तार सुईच्या वरून खाली नेली की उलट दिशेला वळत होती. याचा अर्थ एकच निघत होता, की हा प्रभाव तारेभोवती गोल फिरतो. सप्टेंबरमध्ये पॅरिसला आरागो यांनी हा प्रयोग करून दाखवला. तो पाहून आंपेर यांनी काही आठवड्यांतच सिद्ध केले की प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा, चुंबक जवळ नसतानाही, एकमेकींना ओढतात किंवा लोटतात. ऑक्टोबरअखेर बिओ आणि साव्हार यांनी अंतराचा हिशेब दिला. लांब सरळ तारेपासून दुप्पट दूर गेले की प्रभाव निम्मा होतो. पुढे मुंबईच्या बाबतीत हाच हिशेब निर्णायक ठरला, कारण निम्म्यानेच घटणारा प्रभाव फार दूरवर पोचतो. साध्या चुंबकापासून दुप्पट दूर गेलात तर त्याचा जोर एक अष्टमांश उरतो. तारेचे तसे नाही.

आता कुलाब्याकडे वळू. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, ती बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत म्हणून. चुंबकमोजणी सुरू झाली १८४१ मध्ये, एल्फिन्स्टन विद्यालयातले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. तो काळ युरोपात गाउस आणि वेबर यांनी उभारलेल्या चुंबकीय संघाचा होता. जगभर ठिकठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेऊन पृथ्वीच्या चुंबकत्वाचा नकाशा करण्याची ती मोहीम होती आणि कुलाबा तिचा एक भाग झाला. मराठी वाचकाने इथे दोन नावे लक्षात ठेवावीत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. आणि १८४० च्या सुमारास कोवळ्या वयात तिथे साहाय्यक म्हणून लागलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झालेले केरूनाना, मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. साठेक वर्षांनी वेधशाळाच त्यांच्या गावाशेजारी जाऊन बसली. हे सगळे साम्राज्याच्या सोयीसाठी होते, होकायंत्रावर चालणाऱ्या व्यापारी आणि लढाऊ जहाजांसाठी होते, असा आक्षेप घेता येतो आणि तो खरा आहे. पण हेतू कंपनीचा असला तरी नोंदवहीत उतरलेला आकडा कंपनीचा राहत नाही. रोज ठरलेल्या वेळी दुर्बिणीतून मोजपट्टी वाचून तो आकडा लिहिणाऱ्यांत एतद्देशीय साहाय्यक होते, आणि त्यांनी नेमून दिलेली शिस्त पाळली म्हणूनच त्या वह्या आज वापरता येतात.

ते नेमके काय मोजत होते, हे समजले की ट्रामची धास्ती समजते. बारीक धाग्याला टांगलेला चुंबक, त्याला जोडलेला छोटा आरसा, आणि आरशात दिसणाऱ्या मोजपट्टीचे दुर्बिणीतून वाचन. चुंबक केसाच्या जाडीइतका वळला तरी पट्टीवरचा आकडा सरकतो. मुंबईच्या परिसरात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे होकायंत्राच्या सुईला उत्तरेकडे धरून ठेवणारा भाग, आजच्या एककात सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला भरतो. वेधशाळेला रस होता तो या मोठ्या आकड्यात कमी आणि त्यातल्या चढउतारात जास्त. शांत दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत हा घटक चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांनी वाढतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उतरतो. म्हणजे एकूण क्षेत्राच्या हजारात दीड भागाहूनही कमी फरक. चंद्रामुळे होणारा फरक त्याहूनही कितीतरी लहान असतो आणि तो वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र केल्यावरच हाती लागतो. १८७२ पासून कुलाब्यात छायाचित्रणाने अखंड नोंद होऊ लागली. संवेदनक्षम कागदावर उजेडाचा ठिपका सरकत जाई आणि चोवीस तासांची एक रेघ उमटे. त्या रेघेतला एक मिलिमीटरही अर्थपूर्ण होता.

अशा रेघेशेजारी विजेची ट्राम आली तर काय होईल? त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ट्रामला पाचशे-सहाशे व्होल्टचा एकदिश प्रवाह लागे. एक गाडी सुटताना शंभर अँपिअरच्या घरात वीज ओढते आणि वेग घेतल्यावर कमी. बिओ-साव्हार यांच्या हिशेबाने शंभर अँपिअर वाहणाऱ्या लांब तारेपासून शंभर मीटरवर २०० नॅनोटेस्ला क्षेत्र तयार होते आणि एक किलोमीटरवर २०. दिवसभराच्या नैसर्गिक चढउताराच्या निम्मे क्षेत्र एकट्या गाडीचे! शिवाय ते स्थिर नाही. गाडी थांबली की शून्य, सुटली की पुन्हा उसळी. इथे एक जाणता वाचक अडवेल. वीज वरच्या तारेने जाते आणि रुळांवाटे विजघराकडे परतते. जाणारा आणि येणारा प्रवाह उलट दिशांचे, म्हणून त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडून टाकतील. सगळा प्रवाह रुळांवाटेच परतला असता तर हे म्हणणे बरोबर ठरले असते. काही मीटर अंतरावरच्या दोन उलट प्रवाहांचा किलोमीटरवर जवळजवळ मागमूस राहत नाही. पण रूळ जमिनीत गाडलेले असतात, जमिनीपासून तोडलेले नसतात. प्रवाहाचा एक भाग रूळ सोडून मातीत उतरतो, पाण्याच्या नळांत शिरतो, वाट मिळेल तिकडून दूरवर पसरत परततो. समुद्राने वेढलेल्या, भराव टाकून जोडलेल्या, खाऱ्या ओलीच्या कुलाब्यात तर माती स्वतःच बरी वाहक. तारेतून गेलेली वीज आणि मातीतून परतणारी वीज यांच्यामध्ये मग शेकडो मीटरांची फट पडते, आणि त्या मोठ्या वेटोळ्याचे चुंबकत्व खोडले जात नाही. जमिनीलगत आडवे वाहणारे हे प्रवाह त्याच पातळीवरच्या उपकरणाला वर किंवा खाली ओढतात. म्हणून सगळ्यात आधी बिघडते ती उभ्या घटकाची रेघ.

त्रास ट्रामच्या लोखंडाचा होता, विजेचा नव्हता, असेही कोणी म्हणेल. याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. ९ मे १८७४ पासून कुलाबा ते पायधुणी मार्गावर घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्यांचे रूळ लोखंडी होते, चाके लोखंडी होती, आणि त्याच तीस वर्षांत कुलाब्याच्या वेधशाळेने आपली सर्वांत समृद्ध मालिका तयार केली. लोखंडाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने मरतो, आणि जागेवर पडून असलेले लोखंड रोज तेवढीच भर घालते, जी वजा करता येते. वाहती वीज यांपैकी काहीच सवलत देत नाही.

हे केवळ कागदी भय नव्हते, कारण तोवर जगातल्या इतर वेधशाळांनी फटका खाल्ला होता. टोरांटोत १८९२ पासून विजेच्या ट्राम सुरू झाल्या आणि तिथली चुंबकीय वेधशाळा १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला न्यावी लागली. पॅरिसजवळच्या सेंट-मॉरचे काम १९०१ मध्ये व्हाल-ज्वाय्यो या खेड्यात गेले. लंडनजवळच्या क्यूचे काम १९०८ मध्ये स्कॉटलंडच्या ओसाड माळावर, एस्कडेलम्यूरला. पॉट्सडॅमलाही त्याच सुमारास शेजारच्या सेडिनचा आसरा घ्यावा लागला. खुद्द ग्रीनिचची चुंबकमोजणी १९२० च्या दशकात रेल्वेच्या विद्युतीकरणापुढे हरून अ‍ॅबिंजरला गेली. या यादीत मुंबईचे वेगळेपण काय? टोरांटोत ट्राम आधी आली आणि वेधशाळा नंतर गेली, त्यामुळे मधल्या वर्षांच्या नोंदी डागाळल्या. मुंबईत हा क्रम उलटा झाला. याचे श्रेय बऱ्याच अंशी नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांना जाते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आणि एडिंबरोत शिकलेले मूस १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर कुलाब्याचे संचालक झाले. त्या पदावरचे ते पहिले कायम भारतीय. ट्रामच्या विद्युतीकरणाची चर्चा सुरू होताच नव्या जागेचा शोध सुरू झाला आणि मुंबईपासून दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे ठाणे असलेले अलिबाग निवडले गेले. रेल्वे नाही, कारखाने नाहीत, मध्ये समुद्र. इमारतींसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण कोकणचा काळा कातळ स्वतःच चुंबकीय असतो. त्यात लोहखनिजाचे कण असतात. जाड भिंतींच्या आत तापमान जवळजवळ स्थिर राहावे अशी रचना केली, कारण उष्णतेने चुंबकाचा जोर बदलतो.

इतका खटाटोप न करता मधला मार्ग काढता आला नसता का? दोन मार्ग सुचतात. पहिला, रात्री ट्राम बंद असताना मोजावे. पण चुंबकत्वाचा रोजचा चढउतार दिवसा होतो, कारण तो सूर्यामुळे होतो. रात्रीच मोजणारी वेधशाळा नेमके तेच गमावून बसेल. दुसरा मार्ग, ट्राम कंपनीला परतीचा प्रवाह जमिनीपासून तोडलेल्या तारेने न्यायला लावावे. इंग्लंडात क्यूच्या रक्षणासाठी या दिशेने प्रयत्न झाले, तरी शेवटी क्यूचे कामही हललेच. ते खर्चिक होते, आणि एका शहराच्या वाहतुकीला कायमचे जखडून ठेवणे टिकणारे नव्हते. मुंबईच्या कामगाराला स्वस्त आणि वेगवान वाहन हवे होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. तेव्हा वेधशाळेने जावे हाच रास्त तोडगा होता, मात्र ते वेळेवर आणि पूर्ण तयारीनिशी.

या तयारीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे १९०४ ते १९०६ ही दुहेरी मोजणीची दोन वर्षे. जागा बदलली म्हणजे मालिका तुटली, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. तीस किलोमीटरवर पायाखालचा खडक वेगळा आणि क्षेत्राची मूळ पातळीही वेगळी. १९०३ चा कुलाब्याचा आकडा आणि १९०७ चा अलिबागचा आकडा थेट शेजारी ठेवता येणारच नाहीत. पण दोन वर्षे दोन्ही ठिकाणची उपकरणे एकाच वेळी चालवली की दोहोंमधला फरक महिन्यामहिन्याने, दिवसरात्रीने, शांत आणि अशांत दिवशी किती असतो ते कळते. मग एका मालिकेचे आकडे दुसरीच्या पातळीवर आणता येतात. आज हवामानाच्या किंवा पावसाच्या नोंदी वापरणाऱ्या संशोधकांना अशी दुहेरी मोजणी नसल्याचा किती त्रास होतो, हे त्यांना विचारावे. जागा गुपचूप बदललेली, उपकरण बदललेले, आणि दोन पातळ्या जुळवायला पुरावा नाही, अशा मालिका आपल्याकडे खूप आहेत. कुलाबा-अलिबाग तशी नाही. मूस यांनी पुढे १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदींचे विश्लेषण दोन मोठ्या खंडांत १९१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात चुंबकीय वादळाचे सर्वसाधारण रूप त्यांनी नोंदींच्या सरासरीतून काढून दाखवले. आडवा घटक आधी थोडा वाढतो, मग काही तासांत खोल कोसळतो आणि नंतर दिवसेंदिवस सावकाश सावरतो. हे चित्र पुढच्या पिढीच्या सिद्धांतांचा पाया झाले.

इथे मुख्य मुद्दा येतो. चुंबकीय वादळात आडवा घटक कोसळतो तो कशाने? पृथ्वीच्या पोटातला चुंबक तासाभरात दुबळा होऊ शकत नाही. गाउस यांनी १८३० च्या दशकाअखेर गणिताने दाखवले की पृथ्वीच्या क्षेत्राचा जवळजवळ सगळा भाग आतून येतो. तीच रीत वापरून आर्थर शूस्टर यांनी १८८९ मध्ये रोजच्या चढउताराची तपासणी केली आणि उत्तर निघाले की त्याचे मूळ प्रामुख्याने बाहेर, वर आहे. बॅल्फोर स्टुअर्ट यांनी त्याआधीच, १८८२ मध्ये, वातावरणाच्या वरच्या थरांत विजेचे प्रवाह वाहत असावेत असे सुचवले होते. ते खरे निघाले. शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर, सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेल्या हवेत, दिवसाच्या बाजूला लाखभर अँपिअरच्या घरातले प्रवाह फिरत असतात. कुलाब्याचा चुंबक रोज दुपारी चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांनी सरकतो तो या प्रवाहामुळे. वादळाच्या वेळी त्याहूनही कितीतरी वर, पृथ्वीच्या त्रिज्येच्या काही पट अंतरावर, विद्युतभारित कणांचे कडे पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहू लागते. ओर्स्टेडचा नियम लावा. विषुववृत्ताभोवती पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह पृथ्वीपाशी दक्षिणेकडे क्षेत्र निर्माण करतो, म्हणजे नेहमीच्या उत्तरेकडच्या आडव्या घटकाच्या विरुद्ध. म्हणून तो घटक कोसळतो. तेव्हा कुलाब्याने इतकी वर्षे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नावाखाली जे बदल टिपले, त्यांपैकी तास-दिवसांचे बदल म्हणजे आकाशातल्या प्रवाहांचे मोजमाप होते. चुंबकाला प्रवाह कोणाचा हे कळत नाही. सूर्याने पेटवलेला असो की विजघराने, तो सगळ्यांची बेरीज तेवढी सांगतो. ट्रामचा प्रवाह घातक होता तो याच कारणाने. तो आकाशातल्या प्रवाहासारखाच दिसला असता, आणि मग वेगळा काढता आला नसता.

या नोंदी किती मोलाच्या होत्या हे २००३ मध्ये जगाला कळले. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडात सूर्यावर एक लख्ख उजेडाचा झोत पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकले. अमेरिकेत बॉस्टन ते पोर्टलंड दरम्यानच्या तारयंत्रांवर कारकुनांनी घटमाला काढून ठेवल्या आणि वादळाने तारेत निर्माण केलेल्या विजेवरच संदेश पाठवले. क्यू आणि ग्रीनिचच्या छायाचित्रण उपकरणांत उजेडाचा ठिपका कागदाच्या बाहेर निघून गेला. वादळाचा तळ कुठे होता हे त्या कागदांवरून सांगताच येत नाही. कुलाब्यात तेव्हा छायाचित्रण नव्हते, माणसे डोळ्यांनी मोजपट्टी वाचत होती. एरवी दर तासाला, आणि खळबळ दिसली की दर काही मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या सकाळी त्यांनी लिहिलेल्या आकड्यांत आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेला दिसतो. तुलनेसाठी, मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली साठ लाख माणसे नऊ तास अंधारात गेली, त्याची जगभरची तीव्रता सांगणारा निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. अमेरिका आणि ब्राझीलच्या संशोधकांसह भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी २००३ मध्ये कुलाब्याचे हे आकडे वापरून १८५९ च्या वादळाची तीव्रता उणे १७६० नॅनोटेस्ला ठरवली. त्यावर वाद झाला आणि तो रास्त आहे. एकाच ठिकाणची नोंद, तीही काही मिनिटांची खोल दरी. तासाची सरासरी घेतली तर आकडा बराच कमी होतो. शिवाय इतकी झपाट्याने आलेली आणि गेलेली घसरण वरच्या कड्याची नसून, ध्रुवीय प्रकाश खाली सरकल्याने वातावरणात जवळच वाहिलेल्या प्रवाहाची असावी, असेही काही अभ्यासक म्हणतात. माझ्या मते हा वाद कुलाब्याच्या नोंदीचे महत्त्व वाढवतो. प्रवाह कुठला होता यावर मतभेद आहेत, पण तो प्रवाहच होता आणि तो इतका मोठा होता, हे सांगणारा उष्ण कटिबंधातला दुसरा भरवशाचा पुरावा नाही. आणि हा वाद करता येतो तो त्या सकाळी त्या सुईजवळ माणसाने चालवलेला दुसरा कोणताही मोठा प्रवाह नव्हता म्हणून. ट्राम असती तर वादाला आधारच उरला नसता.

वेधशाळा कुलाब्यातच राहिली असती तर पुढे काय झाले असते याचाही अंदाज बांधता येतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची आगगाडी धावली, १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाल्या, पण लोकलचा एकदिश प्रवाह थेट २०१६ पर्यंत टिकला. हजारो अँपिअर, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, नव्वद वर्षे. अलिबागपर्यंत याची झळ पोचत नाही, कारण गळतीचा वाटा हा एकूण प्रवाहाचा लहानसा भाग असतो आणि काही किलोमीटरच्या वेटोळ्याचा प्रभाव तीस किलोमीटरवर अगदी क्षीण होतो. आता लोकल ज्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात तो सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलतो, म्हणून मिनिटाच्या सरासरीत त्याचे चुंबकत्व बरेचसे शून्यावर येते. धोका आहे तो एकदिश प्रवाहाचा. मोठ्या एकदिश वाहिन्या, मेट्रोचे काही मार्ग, आणि मोटारी झपाट्याने भारण्याची ठाणी, ही सगळी त्याच जातीची आहेत.

अलिबाग आता १९०४ चे अलिबाग राहिलेले नाही. वेधशाळेभोवती गाव दाट झाले आहे आणि मुंबईहून येणाऱ्यांची वर्दळ दरवर्षी वाढते आहे. दुसरीकडे या नोंदींची गरजही वाढली आहे. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानलेमध्ये आकाश तांबडे झाले तेव्हा त्या वादळाचे वजन ठरवायला अलिबागसारख्या, विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ असलेल्या, दीडशे वर्षांहून जुनी मालिका हाती असलेल्या वेधशाळा जगात मोजक्याच होत्या. आज देशाचे उपग्रह, विजेचे जाळे आणि विमानांचे दळणवळण या वादळांना उघडे आहे. म्हणून रायगड जिल्ह्याच्या नियोजनात एक गोष्ट नियम म्हणून लिहून ठेवावी. अलिबाग परिसरात मोठ्या एकदिश प्रवाहाचे कोणतेही काम योजले, तर आराखडा कागदावर असतानाच भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडून हिशेब करून घ्यावा, आणि जागा बदलण्याची वेळ आलीच तर नव्या जागेसाठी किमान दोन वर्षांच्या दुहेरी मोजणीचा पैसा आणि वेळ त्याच आराखड्यात धरावा.